शेवटी सत्तेचाळीस

“शेवटी सत्तेचाळीस,” माझ्या लॅपटॉपवर वाकून तन्वी म्हणाली. “हा नंबर तुझा आहे?”

नव्हता. माझ्या नंबरच्या शेवटी शून्य आठ. पडद्यावर मात्र आठ ठिपके आणि त्यांच्या पुढे सत्तेचाळीस. वर लिहिलं होतं की कुणीतरी अनोळखी ठिकाणाहून तुमच्या ईमेलमध्ये शिरायचा प्रयत्न केला, म्हणून खातं बंद केलं आहे. ओळख पटवायला या नंबरवर सहा आकडे पाठवू का? खाली एकच बटण होतं. मी विचार न करता ते दाबून टाकलं. संकट आलं की आधी बटण दाबायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड.

सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. जर्मनीतल्या केम्नित्स शहरात माझा तो दुसरा दिवस. विद्यापीठानं ईमेलवर एक लिंक पाठवली होती. दुपारी बाराच्या आत ती उघडून ‘मी प्रवेश घेते’ असं कळवायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. जागा गेली की व्हिसा गेला. कार्यालय मंगळवारी आणि गुरुवारी उघडायचं, आणि आज शुक्रवार. लिंक ईमेलमध्ये, ईमेलला कुलूप, आणि किल्ली सत्तेचाळीस नावाच्या कुणाकडे तरी.

तन्वी सोमण मूळची चिपळूणची, माझ्याआधी दोन वर्षं तिथं गेलेली. वसतिगृहात शेजारची खोली तिची, आणि माझा लॅपटॉप चालत होता तोही तिच्याच फोनच्या इंटरनेटवर. मी गावी, औशात होते तेव्हाच तिनं मला फोनवर बजावलं होतं, निघताना महिनाभराचं रोमिंग घे, इथलं सिम मिळायला पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, वसतिगृहाचं इंटरनेट लागायला दहा दिवस जातात, आणि काही झालं तरी स्टेशनवरच्या फुकट वायफायला हात लावू नकोस. मी हो ताई, हो ताई म्हटलं आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. चिपळूणची माणसं जरा जास्तच जपून असतात, असं माझं मत होतं.

“काल लाइपझिगला गाडी बदलताना काय केलंस?” तिनं विचारलं.

“काही नाही. पोचले म्हणून घरी कळवायचं होतं.”

“वायफाय?”

“मोफत होतं. ईमेल आणि पासवर्ड विचारला, मी टाकला.”

तन्वीनं डोळे मिटून घेतले. “आणि तुला काहीच वाटलं नाही?”

खरंच वाटलं नव्हतं. आमच्या औशात पासवर्ड ही लपवायची गोष्टच नव्हती. दहावीपासूनचे सगळ्यांचे फॉर्म वैजूमामाच्या तुळजाई झेरॉक्समध्ये भरले जायचे. ईमेलही मामाच काढून द्यायचा. पासवर्ड सगळ्या वर्गाला एकच, गावाचं नाव आणि पुढे एक दोन तीन. तरी एका जाड वहीत तो प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेला असायचा. मोबाईल नंबर कुणाचा टाकायचा, असा प्रश्न आला की मामा म्हणायचा, “तुमच्याकडं कुठं फोन हाय? माझा टाकतो. काही आलं तर मी हायच की.” आणि तो असायचाच. निकाल, हॉल तिकीट, सगळं त्याच्या फोनवर आधी यायचं.

मी उठून उभीच राहिले. “सत्तेचाळीस वैजूमामाचा आहे!”

तन्वीच्या फोनवरून मी बाबांना व्हॉट्सॲपवर फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच झाले होते. बाबा, म्हणजे मन्मथ बिराजदार, औशाच्या बसस्टँडसमोर शिलाईचं मशीन घेऊन बसायचे. मागं ते मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

“शिवा? जेवलीस का लेकरा?”

“बाबा, वैजूमामाचा नंबर तोच आहे का, बोर्डावरचा?”

“वैजूचं दुकान बंद पडून तीन वर्षं झालं की. त्या नंबरात रिचार्ज टाकलंच नाही म्हणं त्यानं, गेला तो. आता दुसऱ्या कुणाला तरी दिलाय कंपनीनं. का गं? कशाला रडलालीस?”

“रडत नाही. इथं थंडी आहे, सर्दी झालीय.”

“काकाला सांगितलो मी, पोरगी पोचली म्हणून. गप बसलाय आता.”

मी फोन ठेवला. काका गप बसायला दोन वर्षं लागली होती. आधी तो घरी येऊन म्हणायचा, एवढ्या लांब पोरगी पाठवलालास, हाताबाहेर जाईल. बाबा कुणाशी भांडणारे नव्हेत, पण माझ्यासाठी ते सख्ख्या भावाशी आणि अख्ख्या भावकीशी भांडले होते. मी चार दिवसांत परत औशाच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरले तर ती बॅग त्यांच्याच डोळ्यांसमोर उतरणार होती.

“नंबर पाठ आहे तुला?” तन्वीनं विचारलं.

बोर्डावर लाल रंगात लिहिलेला तो नंबर आमच्या वर्गाला पाढ्यासारखा पाठ होता. तिच्या पॅकमध्ये परदेशी फोनची वीस मिनिटं होती. मी नंबर लावला. तन्वी शेजारी बसून म्हणाली, “एक सांगू? तो माणूस कोड देणार नाही. आणि देऊही नये.”

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका म्हातारीचा आवाज आला.

“कोन व्हय?”

“नमस्कार मावशी. मी शिवलीला बिराजदार बोलते, जर्मनीहून.”

“कोठून?”

“जर्मनी. परदेशातून.”

“माहं कोनी नाई परदेशात,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दहा मिनिटांची मुदत असलेले पहिले सहा आकडे कधीच वाया गेले होते. पडद्यावर नवीन सूचना आली होती की आज आता आणखी एकदाच कोड मागवता येईल. मी पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मध्ये दहा मिनिटं आम्ही दोघी त्या फोनकडे नुसत्या बघत बसलो, कारण तन्वीचं म्हणणं की सारखा फोन केला तर म्हातारी घाबरून बंदच करून ठेवेल. अकरा पंचवीसला तिनं उचलला.

“मावशी, ठेवू नका, एक मिनिट ऐका. तुमच्या फोनवर एक मेसेज आला असेल. त्यात सहा आकडे आहेत.”

“हाव, आला ना. काल रातच्यापासून चार आले. तूच धाडून राह्यली काय?”

मी एकदाच बटण दाबलं होतं. बाकीचे तीन मागवणारा कुणी दुसराच होता, आणि तो रात्रभर माझ्या दाराशी बसून कुलूप हलवून बघत होता. तन्वीनंही ते ऐकलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

“मावशी, पुढचा जो मेसेज येईल, त्यातले आकडे मला सांगाल का?”

“काहून सांगू?”

मी सांगायला लागले. माझं ईमेल बंद झालंय, बारा वाजेपर्यंतच वेळ आहे, नाहीतर माझं शिक्षण जाईल, माझे बाबा टेलर आहेत, तुम्ही मला आईसारख्या, मी तुमच्या पाया पडते. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. घाई करा, वेळ नाही, मी अडचणीत आहे, तुम्ही आईसारख्या. चोर याहून वेगळं काय बोलतो?

पलीकडे एक कोंबडी बराच वेळ कलकलत होती. मग म्हातारी बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

“अशीच एक पोरगी बोलली होती मले. लय गोड बोलली. म्हने, तुमच्या पोरानं पार्सल धाडलं, नंबर सांगा. मी सांगतला. तवा माह्यापाशी तो बोट फिरवाचा मोठा फोन होता. समदं गेलं त्यातलं.”

“पैसे गेले?”

“पैसे कोठले, माय? ह्यायचा आवाज गेला.”

मला कळलं नाही. तिनंच पुढं सांगितलं. नवरा नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर होता. ही दारव्ह्याकडच्या खेड्यात, जनावरं सोडून जाता येईना. तो रोज फोनात बोलून तिला पाठवायचा, आज भात खाल्ला, आज डॉक्टर हसला, म्हशीले पाणी पाज. तो गेल्यावर ती ते रोज ऐकायची. आकडे सांगितले त्या दिवशी ते सगळं पुसलं गेलं.

“गजानन, माहा पोरगा, लय बोलला मले. मोठा फोन नेला त्यानं, बटनाचा देल्ला. नंबर बी नवा घेऊन देल्ला. म्हने, बाई, देव जरी मागाले आला तरी आकडा सांगाचा नाई.”

अकरा पस्तीस. लॅपटॉपवरचं बटण तसंच उघडं होतं. मी त्या म्हातारीला आणखी रडून दाखवलं असतं तर तिनं कदाचित दिलंही असतं. आणि मग पुढच्या गोड आवाजालाही दिलं असतं, कारण एका पोरीला दिलं होतं आणि काही वाईट झालं नव्हतं.

“नका सांगू मावशी,” मी म्हणाले.

तन्वीनं मला चिमटा काढला. मी तिचा हात बाजूला केला.

“कुणालाच सांगू नका. मलाही नाही. तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. फोन ठेवते मी.”

आणि मला खरंच रडू फुटलं. इतका वेळ सर्दी म्हणून निभावलं होतं, आता निभेना. उद्यापासून बाबांना काय सांगायचं, त्याचीच वाक्यं डोक्यात जुळायला लागली होती.

“थांब,” म्हातारी म्हणाली.

मी थांबले.

“हा नंबर पहिले कोनाचा होता म्हन्तं?”

“आमच्या गावच्या मामांचा.”

“मामा त समद्यायलेच रायते. नाव सांग. काय करे तो मामा?”

“वैजनाथ. वैजूमामा म्हणायचो आम्ही. त्यांचं दुकान होतं, तुळजाई झेरॉक्स. औसा, जिल्हा लातूर.”

म्हातारी हसली, चांगलं मोकळं हसली.

“अवं, दोन वर्षं झाले, लोकायचे पोरं मलेच वैजूमामा म्हनून राह्यले! मामा, निकाल लागला काय? मामा, फोटो बसून नाई राह्यला फॉर्मात. एक त सकाळी सहाले रडत होता, मामा, मी नापास झालो त बाप मारन. मी समद्यायले सांगतो, बापू, राँग नंबर हाय, पन तू पास होशीन.”

“मग मावशी...”

“त्या चोट्टीले वैजूमामा कसा माईत राह्यन? तू त्यातलीच पोरगी व्हय. धाड तुहा मेसेज.”

तन्वीनं बटण दाबलं. शेवटचा कोड, अकरा एकेचाळीस.

“आला,” म्हातारी म्हणाली. “पन बोलता बोलता वाचता नाई येत माह्या फोनात. तू ठेव. मी पाह्यतो. मंग कर.”

फोन ठेवावा लागला. हातात आलेला माणूस सोडून द्यावा तसं वाटलं. दोन मिनिटं थांबून मी लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. अकरा पंचेचाळीस.

“मुलाला विचारत असेल,” तन्वी हळूच म्हणाली. “मी असते तर मीही विचारलं असतं.”

“तो नाहीच म्हणणार.”

“हो.”

अकरा सत्तेचाळीस. पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा तोच आकडा; असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी मी तो दोनदा पाहिला. कोडची मुदत अकरा एक्कावन्नपर्यंत. तन्वीच्या फोनवर सूचना आली, परदेशी फोनची शेवटची दोन मिनिटं शिल्लक. मी लावला. यावेळी वाजला. चार वेळा, पाच वेळा.

“गजाननाले फोन केला होता,” म्हातारी सुरुवातीलाच म्हणाली. “त्यानं सांगतलं, बिलकुल सांगू नोको.”

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“पन त्याले का माईत वैजूमामा कोन व्हय? लिव.”

“मावशी, सगळ्यात वरचा मेसेज आहे ना?”

“वरचाच व्हय. कॅलेंडरवर लिव्हला मी. चार. मंग पूज्य. मंग सात. अजून एक पूज्य. दोन. आनं हे काय व्हय... सहा. सहाच व्हय, खालून पोट हाय त्याले.”

तन्वी एकेक आकडा दाबत गेली. शेवटचा दाबल्यावर पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि फोन कट झाला. मिनिटं संपली होती. चक्र फिरत राहिलं. मग खातं उघडलं, आणि विद्यापीठाचं पत्र सगळ्यात वरती दिसलं.

अकरा चोपन्नला मी ‘मी प्रवेश घेते’ दाबलं. तन्वी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिनं मला तिथल्या तिथे पासवर्ड बदलायला लावला, सत्तेचाळीस काढून तात्पुरता तिचा नंबर टाकायला लावला, आणि तिच्याच खोलीत बसवून सिमसाठी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायला लावला. यावेळी मी तिचं दोन्ही कानांनी ऐकलं.

संध्याकाळी माझं सिम सुरू झाल्यावर मी पहिला फोन बाबांना केला आणि दुसरा मावशींना. त्यांचं नाव पार्बताबाई. मी आभार मानले आणि वर शहाणपणानं म्हणाले, “मावशी, पण आता पुन्हा कुणालाही आकडे सांगू नका हं.”

“ते मले नोको शिकवू,” त्या म्हणाल्या. “मी पुसून, पारखून सांगतला. तूनं त स्टेशनावर पुसलं बी नाई.”

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तो रात्रभर कुलूप हलवणारा कोण होता, ते मला कधीच कळलं नाही. भीती मात्र बरेच महिने टिकली. दाराची कडी दोनदा बघावी तसा मी पासवर्ड बघायची. आणि मग एके दिवशी लक्षात आलं की वर्गातल्या सगळ्यांची दारं अजून तशीच उघडी आहेत. मी बॅचच्या ग्रुपवर लिहिलं. बाबांनी वैजूमामाला गाठलं. मामानं ती जाड वही माळ्यावरून काढली आणि आमच्या पुढं-मागं फॉर्म भरलेल्या एकूणएक पोराला शोधून फोन केला, की बाबांनो, पासवर्ड बदला आणि माझा जुना नंबर काढा, तो आता माझा नाही. वहीत तीनशेच्या वर नावं होती. त्याला दोन महिने लागले. एवढं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, असं मला वाटायचं.

ते काम झालं त्यानंतरच्या जूनमध्ये पार्बताबाईंचा मिस्ड कॉल आला. मी लगेच उलट फोन लावला. आधी वाटलं, पुन्हा कुणी आकडे मागितले.

“काय झालं मावशी? कुणाचा फोन आला होता का?”

“नाई ना. त्याच्याचसाठी केला. यंदा एकाचाही फोन नाई आला वं. निकाल लागला नाई काय अजून?”

तिकडे ती कोंबडी, किंवा दुसरी एखादी, कलकलत होती.

“लागला मावशी. मागच्या आठवड्यातच लागला.”

“मंग समदे पास झाले असतीन.”

“हो मावशी,” मी म्हणाले. “सगळे पास झाले.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.